दोघांचें परदेशगमन



परदेशीं जाऊन नवा संसार थाटणें ही गोष्ट आतां आपल्या घरांत नवलाची राहिलेली नाहीं. पुण्यामुंबईच्या कोणत्याहि आळींत विचारा. कोणाचा मुलगा, कोणाची सून, कोणाची लेक सातासमुद्रांपलीकडे बिऱ्हाड करून राहिलेली आढळेल. निघण्यापूर्वीं पगार किती, हवा कशी, घरभाडें काय, याची कसून चौकशी होते. एक प्रश्न मात्र बहुधा विचारला जात नाहीं. दोघें निघालीं आहेत खरीं; पण तेथें पोंचल्यावर दोघांनाहि स्वतःच्या पायांवर उभें राहतां येणार आहे काय? आज या एकाच प्रश्नाविषयीं मी बोलणार आहें.

एका जोडप्याची हकीकत प्रथम सांगतों. पेशावरचे वैष्णोदास बगाई आणि त्यांच्या पत्नी कलाबाई हीं दोघें १९१५ च्या सप्टेंबरांत सॅन फ्रान्सिस्को बंदरीं पोंचलीं. बरोबर तीन मुलगे होते आणि पदरीं सुमारें पंचवीस हजार डॉलर होते. म्हणजे हा प्रवास पोटासाठीं नव्हता. वैष्णोदास गदर पक्षाचे पाठिराखे. मुलें स्वतंत्र देशांत वाढावींत, अशी त्यांची आकांक्षा होती. कलाबाईंच्या नाकांतील हिऱ्याचें तेथील वर्तमानपत्राला इतकें नवल वाटलें, कीं त्याची बातमी छापून आली. पुढें त्यांनीं बर्क्ले येथें घर विकत घेतलें. सामानसुमान घेऊन कुटुंब दाराशीं येतें, तों शेजाऱ्यांनीं घराला कुलपें ठोकून ठेविलेलीं! अशा शेजारांत मुलें वाढवावयाचीं नाहींत, असें ठरवून तें कुटुंब आल्या पावलीं परतलें.

तरीहि वैष्णोदासांनीं हिंमत सोडली नाहीं. त्यांनीं दुकान चालविलें आणि १९२१ सालीं ते अमेरिकेचे नागरिक झाले. पण दोनच वर्षांनीं, १९२३ सालीं, भगतसिंग थिंड यांच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें असा निकाल दिला, कीं हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थानें ‘गोरा’ नव्हे. सबब त्याला नागरिक होतां येणार नाहीं. वैष्णोदासांचें नागरिकत्व काढून घेण्यांत आलें. कॅलिफोर्नियाच्या जमीनविषयक कायद्यामुळें मालमत्ता विकावी लागली, दुकानहि गेलें. हिंदुस्थानांत आप्तांना भेटून यावें म्हटलें, तर अमेरिकन पासपोर्ट नाकारण्यांत आला. ज्या सत्तेचा त्यांनीं त्याग केला होता, तिच्याच पासपोर्टावर जा, असें सांगण्यांत आलें. १९२८ सालीं, आपली व्यथा वर्तमानपत्राला लिहून ठेवून, त्यांनीं आपल्या आयुष्याचा अंत करून घेतला.

आतां कलाबाईंची स्थिति मनांत आणा. परका देश, तीन मुलगे, पतीचा आधार गेलेला आणि कायद्याच्या दृष्टीनें कोणताहि हक्क नाहीं. त्या तेथेंच राहिल्या. मुलांना त्यांनीं कॉलेजपर्यंत शिकविलें, पुढें पुनर्विवाह केला, आणि दक्षिण कॅलिफोर्नियांतील हिंदी मंडळींना त्या वडीलधाऱ्या वाटूं लागल्या. १९४६ च्या कायद्यानें हिंदी लोकांना नागरिकत्वाचा मार्ग मोकळा झाला, तेव्हां त्याहि पुढें नागरिक झाल्या. १९८३ सालीं त्या वारल्या. त्यानंतर सुमारें चार दशकांनीं, ज्या बर्क्लेंत त्यांच्या घराला कुलपें लागलीं होतीं, त्याच बर्क्लेंतील एका रस्त्याला त्यांचें नांव देण्यांत आलें.

या हकीकतींतून शौर्याचें कौतुक तर घ्यावेंच. पण त्याहून महत्त्वाचा बोध निराळा आहे. सर्व छप्पर एकाच खांबावर उभें असलें, कीं तो खांब ढळतांच सारें कोसळतें. तसले जुने वर्णभेदी कायदे आज राहिले नाहींत. परंतु एका खांबाची रचना अजून आहे. ज्याला नोकरी मिळाली, तो मुख्य. आणि जोडीदार ‘आश्रित’. अमेरिकेंतच पाहा. एच-१बी परवान्यावर गेलेल्या कामगाराच्या जोडीदाराला एच-४ परवाना मिळतो. २०१५ पर्यंत त्या परवान्यावर नोकरी करण्यास मुळींच मोकळीक नव्हती. त्या वर्षीं ती कांहीं थोड्यांना मिळाली. शिकल्यासवरलेल्या किती डॉक्टरीण, शिक्षिका, इंजिनियर बायका अशा रीतीनें वर्षानुवर्षें घरीं बसल्या! आणि पत्नीच्या नोकरीवर जाणाऱ्या पतीलाहि हाच नियम लागतो.

याच्या उलट एक उदाहरण आपल्याच घरचें आहे. आनंदीबाई व गोपाळराव जोशी यांचा अमेरिकेस जाण्याचा मूळ विचार दोघांचा होता. अखेर आनंदीबाई १८८३ च्या एप्रिलांत कलकत्त्याहून एकट्याच निघाल्या, गोपाळराव मागाहून गेले. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांना जो प्रवेश मिळाला, तो त्यांच्या स्वतःच्या नांवावर. आणि १८८६ सालीं पदवी मिळाली, तीहि त्यांच्याच नांवावर. प्रकृतीनें त्यांना दगा दिला व १८८७ च्या फेब्रुवारींत त्या पुण्यास वारल्या. परंतु परदेशांत त्या कोणाच्या आश्रित म्हणून राहिल्या नव्हत्या, हें विसरतां कामा नये.

तर मग निघण्यापूर्वीं काय करावें? जोडीदाराला कोणता परवाना मिळणार आणि त्यावर काम करतां येतें कीं नाहीं, हें लेखी पाहून घ्यावें. येत नसल्यास, तीं वर्षें शिक्षणांत कशीं लावतां येतील, तें आधींच ठरवावें. पासपोर्ट आणि पदवीचीं प्रमाणपत्रें ज्याचीं त्याच्याजवळ असावींत. बँकेंत दोघांचेंहि नांव असावें. तेथील भाषा दोघांनींहि शिकावी. परतीच्या भाड्याइतकी रक्कम, जिला दोघांपैकीं कोणालाहि हात लावतां येईल अशी, निराळी असावी. आणि मुख्य नोकरी सुटली तर राहण्याची मुदत किती, हेंहि ठाऊक असावें. एच-१बी च्या बाबतींत ती सामान्यतः फार तर ६० दिवसांची असते.

कोणी म्हणेल, संसारांत हें तुझें-माझें कशाला? आक्षेप मनापासूनचा आहे. पण तो तुझें-माझें कायदाच करतो, आपण नव्हे. कचेरींतल्या कागदावर एकाचें नांव मोठें आणि दुसऱ्याचें लहान लिहिलेलें असतें. तें अंतर घरांत कमी करणें, हेंच सहजीवन. ज्या जोडप्यानें हा हिशेब निघण्यापूर्वीं एकमेकांसमोर मोकळेपणानें मांडला, त्याला अडचण येणार नाहीं असें नाहीं. पण ती आली, तर तिला तोंड देण्यास घरांत दोन माणसें असतील.