तिचं नाव मी पाडलं होतं



काल रात्री जेवणं झाल्यावर विषय निघाला : किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा कोण कुठे होतं? ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आपण नववीत होतो. गणपती विसर्जनाहून दमून आलेलं आपलं सोलापूर गाढ झोपेत होतं. तरी प्रत्येकाला आपली जागा अचूक आठवत होती. कुणी गच्चीवर होतं, कुणी चादरीसकट रस्त्यावर पळालं होतं. आमच्या फडताळातली भांडी वाजली आणि वडिलांनी आम्हा भावंडांना ओढत अंगणात आणलं. मीही ते हौसेने सांगितलं.

पण मला आज बोलायचंय ते वेगळ्याच जागेबद्दल. आठवीचा वर्ग, मुलींच्या रांगेतला तिसरा बाक. १९९२ची दिवाळीची सुट्टी नुकतीच संपली होती. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण मामाकडे राहून शिकत होती. तिचं गाव किल्लारीजवळ. ती म्हणाली, "आमच्याकडं जमीन गुरगुरायलीय. लोकं बाहीर झोपायलेत."

आम्ही हसलो. तिच्या बोलीला हसलो आणि सांगण्यालाही हसलो. दख्खनचं पठार स्थिर, हे आपण भूगोलात पाठ केलं होतं. त्या जोरावर मी तिला म्हणाले, "पठारावर भूकंप होत नसतो." आणि तिचं नाव 'भूकंप' पाडलं. ते मी पाडलं. वर्षभर सगळा वर्ग तिला तेच म्हणत होता.

मग ती पहाट आली. सुमारे १०,००० माणसं गेली. जखमींना सोलापुरातही आणलं. आपण घरोघरी फिरून कडक भाकऱ्या आणि कपडे गोळा केले. ती दिवाळीनंतर शाळेत आली. आजी आणि धाकटा भाऊ गेले होते. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाचं ओझं, सगळं झोपेतच अंगावर आलं.

'भूकंप' हे नाव त्या दिवशी बंद झालं. कुणी कुणाला सांगितलं नाही, आपोआप झालं. मी तिला बुडालेल्या अभ्यासाच्या वह्या दिल्या. तिने उतरवून, नवी कव्हरं घालून परत केल्या. बोललो मात्र काहीच नाही. दहावी झाली, वाटा वेगळ्या झाल्या.

गेल्या महिन्यात या मेळाव्यासाठी फोन केला, तेव्हा धीर करून तो विषय काढला. ती म्हणाली, "तुम्ही पोरी होतात गं. गावातही तेच झालं. धक्के थांबले, बाहेर झोपून लोक कंटाळले आणि परत आत झोपायला लागले." थोडं थांबून म्हणाली, "पण ते नाव मला आवडत नव्हतं."

एवढंच. तीस वर्षांत तिने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं.

'नाव घेऊ नकोस, बाकी सगळं सांग' असं तिने बजावलंय. ती आज इथे बसली आहे. ते नाव मी भर वर्गात पाडलं होतं, म्हणून हेही सगळ्या वर्गासमोरच सांगते : तू खरं सांगत होतीस. माझं चुकलं.