मुलाखतीआधी डोळे तपासा



प्राचार्यांनी मला विषय दिला आहे, ‘रेल्वेतल्या नोकरीच्या मुलाखतीची तयारी’. आमगाव, सालेकसा, गोरेगाव, तिरोड्याच्या मुलांना हा विषय जवळचा वाटणारच. आपलं गोंदिया हावडा-मुंबई मार्गावरचं जंक्शन. इथून एक फाटा बालाघाटवरून जबलपूरला जातो, दुसरा सौंदड, अर्जुनी, नागभीडवरून बल्लारशाला. २०२५ मध्ये केंद्र सरकारनं गोंदिया-बल्लारशा दुहेरीकरण मंजूर केलं आणि गोंदिया-डोंगरगड चौथी लाइनही मंजूर केली. रूळ वाढले की माणसं लागतात, आणि ती माणसं याच मांडवातून जावीत असं मला मनापासून वाटतं. माझी सारी नोकरी नागपूर विभागात इंजिनावर झाली, शेवटची वर्षं लोको निरीक्षक म्हणून. त्यामुळे जे पाहिलं तेवढंच बोलतो.

पहिली गोष्ट पालकांसाठी. तुमची मुलं ज्या जागांचे अर्ज भरतात, म्हणजे सहायक लोको पायलट, टेक्निशियन, स्टेशन मास्तर, ट्रेन मॅनेजर, क्लार्क, पॉइंट्समन, ट्रॅक मेंटेनर, त्यांना मुलाखतच नसते. केंद्र सरकारनं १ जानेवारी २०१६ पासून या पदांच्या मुलाखती बंद केल्या आहेत. तेव्हा कुणी घरी येऊन म्हणाला, ‘बिलासपूरला साहेब ओळखीचे आहेत, मुलाखतीत पोराचं काम करून देतो’, तर तो तुम्हाला लुबाडायला आला आहे. जी मुलाखत होतच नाही, तिच्यात तो पास काय करून देणार? त्याच्यासाठी एक बांधीसुद्धा विकू नका. त्याला बसवून ठेवा आणि पोलिसांना फोन करा.

मग तयारी कशाची करायची? परीक्षेची तर आहेच. ती संगणकावर होते, मराठीतून देता येते आणि चुकीच्या उत्तराला एकतृतीयांश गुण कापले जातात. अभ्यासक्रम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. मला बोलायचं आहे ते डोळ्यांवर.

सहायक लोको पायलटसाठी ए-वन नावाचा वैद्यकीय दर्जा लागतो. दोन्ही डोळ्यांची दृष्टी चष्म्याशिवाय सहा बाय सहा हवी आणि रंग अचूक ओळखता आले पाहिजेत. लेसर शस्त्रक्रियेनं नंबर घालवलेला असेल तरी चालत नाही. ही तपासणी होते सगळ्यात शेवटी, म्हणजे परीक्षा झाल्या, मेरिटमध्ये नाव आलं, गावात पेढे वाटून झाले, त्यानंतर. तिथे डॉक्टरांनी ‘अनफिट’ लिहिलं की त्या भरतीत दुसरी जागा मिळत नाही. अभ्यासाला वर्षानुवर्षं दिलेली मुलं मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर रडताना पाहिली आहेत. त्यातल्या कुणाला रंगांची ओळख कमी होती, आणि ती जन्मापासूनच कमी होती. ठिपक्यांमधला आकडा वाचायची रंगांची तपासणी काही मिनिटांची असते. म्हणून क्लासची फी भरण्याआधी गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेत्रविभागात जा आणि दृष्टी व रंग दोन्ही तपासून घ्या. काही कमी निघालं तर वाईट वाटेल, पण रेल्वे काही बंद होत नाही. स्टेशन मास्तरलाही दृष्टीचा दर्जा कडक आहे, मात्र ऑफिसातल्या क्लार्कच्या कामाला चष्मा चालतो. आपलं दार कोणतं हे विसाव्या वर्षी कळलेलं बरं.

लेव्हल वनच्या, म्हणजे ट्रॅक मेंटेनर, पॉइंट्समनसारख्या जागांना शारीरिक चाचणी असते. मुलांना ३५ किलो वजन उचलून १०० मीटर, दोन मिनिटांत, आणि एक किलोमीटर धाव ४ मिनिटं १५ सेकंदांत. मुलींना वजन २० किलो आणि धावेला ५ मिनिटं ४० सेकंद. रोवणीच्या दिवसांत अख्खा दिवस चिखलात वाकून काम करणाऱ्या आपल्या मुलींना वजनाचं भय नाही. धावण्याचा सराव मात्र करावा लागतो, आणि त्यासाठी पहाटे मुलीला मैदानावर पाठवावं लागतं. हे मी आयांना आणि बाबांना सांगतोय.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. राज्याच्या कामासाठी काढलेला ओबीसीचा दाखला रेल्वेत चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला, नॉन-क्रीमीलेयरसह लागतो. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षराला अक्षर जुळलं पाहिजे. ते याच महिन्यात दुरुस्त करा.

आता खरीखुरी मुलाखत कुठे होते? अभियंते होऊन केंद्रीय लोकसेवा आयोगाकडून याल तिथे. मेट्रोतल्या काही जागांना. खासगी कंपन्यांत, जसं नागपूरच्या अजनीत १२ हजार अश्वशक्तीच्या मालगाडी-इंजिनांची देखभाल अल्स्टॉम करते. नव्या लाइनचं काम घेणाऱ्या ठेकेदारांकडे. तिथे समोरचा माणूस तुमचं पाठांतर फार वेळ तपासत नाही. मी स्वतः इंजिनात नव्या सहायकांना प्रश्न विचारत असे. माझा आवडता प्रश्न होता, ‘रात्री दोन वाजता ऑटोमॅटिक सिग्नल लाल आहे, पुढे लाइन रिकामी दिसते, मागे कुणी नाही. काय करशील?’ नियम सांगतो, गाडी उभी करायची, दिवसा १ मिनिट आणि रात्री २ मिनिटं थांबायचं, मगच अतिशय सावधपणे पुढे सरकायचं. एखादा मुलगा म्हणायचा, ‘साहेब, किती मिनिटं ते आठवत नाही, पण गाडी थांबवीन आणि नियम विचारल्याशिवाय हलणार नाही.’ मला तो मुलगा चालायचा. मिनिटं मी त्याला शिकवू शकत होतो. अंदाजानं उत्तर ठोकून देणारा मला नको असे, कारण दरेकसाच्या बोगद्याकडे चढताना त्याच्या मागे शेकडो माणसं झोपलेली असतात.

आणि मोठ्यानं बोलायला शिका. इंजिनात सिग्नल दिसला की सहायक हात दाखवून त्याचा रंग मोठ्यानं सांगतो आणि लोको पायलट तो पुन्हा उच्चारतो. दोघांपैकी एकाची नजर चुकली तर दुसऱ्याचा आवाज गाडी वाचवतो. आपली मुलं हुशार असूनही पुटपुटतात. झाडीबोलीला कुणी हसेल, हिंदी अडखळेल, ही भीती मनात असते. आपला झोन बिलासपूरचा, तिथे हिंदी लागेल. ती बोलता बोलता येते. झाडीबोलीत वाढलेल्या माणसांनी या लाइनवर पिढ्यान्‌पिढ्या गाड्या चालवल्या आहेत.

मुलींनी साताऱ्याच्या सुरेखा यादव यांच्याबद्दल जरूर वाचावं. त्यांना शिक्षिका व्हायचं होतं. ऐंशीच्या दशकात त्या रेल्वेच्या निवडीला गेल्या, तेव्हा इंजिनावर बाई हे कुणी पाहिलंच नव्हतं. त्या आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक झाल्या, १३ मार्च २०२३ ला त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली आणि ३० सप्टेंबर २०२५ ला निवृत्त झाल्या.

बक्षीस समारंभानंतर मी मंचाशेजारीच बसणार आहे. ज्यांनी अर्ज भरलेत त्यांनी आपले दाखले घेऊन या, नमुना बरोबर आहे का ते एकेक करून पाहू.