शेवट दणदणीत की शांत?



कोडिंगइतकाच मला पियानो ऐकण्याचा नाद आहे. आज आवडीचे दोन शेवट सांगते.

शोपँची जी मायनरमधली पहिली बॅलड १८३६ साली प्रसिद्ध झाली. शेवटाकडे तिचा वेग एकदम वाढतो, दोन्ही हात पट्ट्यांवर झपाट्याने धावतात आणि जोरदार आघातांवर ती संपते.

लिस्टने १८५३ मध्ये पूर्ण केलेल्या बी मायनर सोनाटाचा शेवटही आधी असाच दणदणीत होता. हस्तलिखितात तो खोडलेला दिसतो. त्याजागी हळुवार सूर आले आणि अखेरीस खर्जातला एकच स्वर. अर्ध्या तासाच्या वादळानंतरची ती शांतता मला जास्त हलवते. हमखास टाळ्यांचा शेवट लिहून झाल्यावर तो सोडायचा, याला धाडस लागतं. पन्नाशी जवळ येताना ते जास्त कळतं.

दोन्ही ऐका आणि ग्रुपवर सांगा, तुमचं मत कुणाला?