घरचं संत्रं कवा खायचं?

वरुड-मोर्शीकडे अंबिया बहाराची तोडणी सुरू झाली, की अमरावती-अकोल्याच्या हातगाड्या केशरी दिसू लागतात. अंबिया ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढे फेब्रुवारीपासून मृग. वर्षातले कितीतरी दिवस हे फळ आपल्या दाराशी असतं.

माझ्या नणंदेच्या सासरी मोर्शी तालुक्यात संत्र्याची बाग आहे. एका हिवाळ्यात ताई आमच्याकडे आल्या, त्या धापा टाकतच. तपासलं तर हिमोग्लोबिन आठ. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. मी विचारलं, "ताई, संत्री खाता ना?" त्या हसल्या. "घरचंच त आहे, कवाही खाऊ!" ते 'कवाही' कधी आलंच नव्हतं. चांगला माल व्यापाऱ्याला, उरलेला पोरांना. आणि ताई गोळीही चहासोबत घ्यायच्या.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. भाकरी, डाळ, पालेभाजी यांतलं लोह शरीर कमीच शोषून घेतं. सोबत 'क' जीवनसत्त्व असलं, तर हे शोषण वाढतं. चहा मात्र त्यात अडथळा आणतो. म्हणून संत्रं जेवणासोबतच खावं आणि चहा तासाभरानं घ्यावा. संत्रं गोळीची जागा घेत नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी चालूच ठेवावी.

आता निवड. संत्रं आंब्यासारखं आढीत पिकत नाही. तोडताना जेवढं गोड, तेवढंच राहतं. म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका. सालीवर हिरवट झाक असली तरी फळ आतून गोड असू शकतं. हातात घेऊन पाहा. आकाराच्या मानानं जड लागलं तर रस भरपूर. साल फार फुगलेली आणि फळ हलकं असेल, तर ते ठेवून द्या. सालीवरच्या वरवरच्या डागानं आतल्या फोडी बिघडत नाहीत.

घरी आणल्यावर धुऊन ठेवू नका, ओलाव्यानं बुरशी येते. मोकळ्या टोपलीत, सावलीत आठवडाभर टिकतात. जास्त दिवस ठेवायची तर फ्रिजमध्ये. एखादं मऊ पडलं, की लगेच बाजूला काढा. धुवायचं ते खाताना.

रसापेक्षा फोडी बऱ्या. गाळलेल्या रसात चोथा जातो आणि साखर पटकन रक्तात उतरते. मधुमेह असणाऱ्यांनी रस टाळून, आपल्या पथ्यात बसेल तेवढंच फळ खावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

तीन महिन्यांनी ताईंचं हिमोग्लोबिन साडेदहावर आलं. मोठा वाटा गोळ्यांचा, पण त्या अंगी लागाव्या म्हणून ताटातलं संत्रंही कामी आलं असणार. आता तोडणीच्या दिवशी त्या एक टोपली आधीच घरात नेऊन ठेवतात. बागवाल्या घरांतल्या माझ्या बहिणींनो, व्यापाऱ्याची गाडी भरण्याआधी तुमचीही टोपली बाजूला काढा.