जुन्या ट्रकला कोणता गॅस?



ऐन उन्हाळ्यातल्या व्याख्यानमालेत थंडाव्याचा विषय ठेवला, याबद्दल संयोजकांचे आभार. मात्र हा थंडावा आपल्याकडचा नाही, अमेरिकेतल्या जुन्या पिकअप ट्रकमधला आहे. १९८०च्या दशकातले फोर्ड, शेव्हर्लेचे ट्रक टेक्सास-ॲरिझोनाच्या रणरणत्या रस्त्यांवर आजही दिसतात. इंजिन दणकट, पत्रा जाड. घोडं अडतं ते एसीपाशी. त्या एसीत भरलेला आर-१२ हा गॅस अमेरिकेत तयार होणं १९९५च्या अखेरीस थांबलं. मग मालक गॅरेजमध्ये येतो आणि पहिलाच प्रश्न टाकतो, ‘आता कोणता गॅस भरू?’ माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो.

आधी आर-१२ एवढा लाडका का होता ते पाहू. त्याच्या आधी शीतकपाटांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड असले वायू असत. गळती झाली की घरात माणसं दगावत. १९३० साली थॉमस मिजली या संशोधकाने रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत नवा वायू छातीत ओढून घेतला आणि त्याच श्वासाने जळती मेणबत्ती विझवली. वायू विषारी नाही आणि पेटत नाही, हे एका फुंकरीत सिद्ध झालं. (पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालण्याचा शोधही याच गृहस्थांचा. हवेच्या वाट्याला एकाच माणसाकडून एवढं क्वचितच आलं असेल.) पुढे १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवलं की हा स्थिर वायू वर जाऊन अतिनील किरणांनी फुटतो आणि त्यातला क्लोरीन ओझोन खातो. १९८७ मध्ये असे वायू आवरण्यासाठी मॉन्ट्रियल करार झाला. उत्पादन बंद पडताच आर-१२ची किंमत इतकी चढली की मायामीसारख्या बंदरांतून त्याची तस्करी होऊ लागली. गाडी थंड करायच्या गॅसची तस्करी! पण जुन्या ट्रकला तोच हवा होता.

का हवा होता, हे समजलं की निम्मं उत्तर मिळतं. एसी म्हणजे कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ड्रायर, इव्हॅपोरेटर आणि त्यांना जोडणारे रबरी होज. या सगळ्यांतून गॅसबरोबर तेलही फिरतं, आणि कॉम्प्रेसरचा जीव त्या तेलावर असतो. आर-१२ मध्ये खनिज तेल छान विरघळतं. त्याच्या जागी आलेल्या आर-१३४ए मध्ये ते विरघळत नाही. नुसता गॅस बदलला तर जुनं तेल कुठेतरी तळाशी बसून राहतं, कॉम्प्रेसर कोरडा फिरतो आणि थोड्याच काळात जाम होतो. मालक म्हणतो नवा गॅस वाईट. दोष असतो तेलाचा. नव्या गाड्यांत पीएजी नावाचं तेल असतं, पण जुन्या यंत्रातल्या क्लोरीनयुक्त अवशेषांशी त्याचं जमत नाही. म्हणून असा बदल करताना बहुधा एस्टर तेल घालतात.

दुसरी गोष्ट दाबाची. कंडेन्सर ५५ अंश सेल्सिअसला असेल तर आर-१३४एचा दाब आर-१२ पेक्षा जास्त भरतो. ट्रक धावत असतो तोवर हवा लागते आणि भागतं. सिग्नलला उभा राहिला की दाब चढतो, थंडावा उतरतो. जुना कंडेन्सर लहान असेल तर तो बदलावा, निदान पंखा दमदार बसवावा. गॅसही जुन्या मापाने भरायचा नसतो, वजनाने आर-१२च्या ८० ते ९० टक्केच भरायचा. मूळ माप ३ पौंड असेल, तर अडीच पौंडांच्या आसपास थांबायचं. इथे मुरलेले मेकॅनिकही फसतात. आतला गॅस दिसणाऱ्या काचेच्या खिडकीतले बुडबुडे जाईपर्यंत भरत राहायची आर-१२च्या काळातली सवय असते, आणि त्या सवयीने आर-१३४ए हमखास जास्त भरला जातो. जनरल मोटर्सच्या ट्रकवर दाबाने चालू-बंद होणारा स्विच असतो. त्याचा स्क्रू थोडा फिरवून कॉम्प्रेसर बंद होण्याचा दाब खाली आणावा लागतो. ड्रायर नवा घालायचा, ओ-रिंग बदलायच्या, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढायची. हे सगळं झाल्यावर मग गॅस.

बाजारात मात्र ‘काही बदलू नका, हा गॅस थेट भरा’ असं सांगणारी मिश्रणं १९९०च्या दशकात भरपूर आली. आर-४०६ए घ्या: त्यात आर-२२, आर-१४२बी आणि थोडा आयसोब्युटेन. आर-२२ जुन्या साध्या होजमधून पाझरतो, म्हणून होज बदलणं कायद्यानेच आलं. म्हणजे ‘थेट’ कुठे राहिलं? शिवाय मिश्रण गळतं तेव्हा त्यातले घटक सारख्या प्रमाणात गळत नाहीत. उरलेलं काय आहे हे कुणालाच कळत नाही आणि वरून भर घालणं निरर्थक होतं. असा ट्रक आला की गॅरेजवाला आपलं गॅस काढून घेण्याचं मशीन त्याला लावायला कचरतो, आणि मी त्याला दोष देणार नाही.

राहिले ज्वालाग्राही वायू, प्रोपेन आणि ब्युटेन. थंड करण्यात ते उत्तम. आपल्या घरातल्या आजच्या फ्रिजमध्ये आयसोब्युटेनच असतो, मग ट्रकमध्ये का नको? फ्रिजमध्ये तो थोडे ग्रॅम असतो, तोही जोड झाळलेल्या नळ्यांत आणि एका जागी उभा. ट्रकमध्ये रबरी होज, सततचे हादरे, शेजारी तापलेलं इंजिन, आणि इव्हॅपोरेटर थेट केबिनच्या हवेच्या वाटेवर. अमेरिकेत आर-१२च्या गाडीत असा वायू भरायला बंदी आहे. ती योग्य आहे, त्यावर वाद घालण्यात मला रस नाही.

आता निवाडा. यंत्र शाबूत असेल, आर-१२ टिकून असेल, तर त्याला हात लावू नका. किरकोळ गळती असेल तर ती आधी दुरुस्त करा. जुन्या साठ्यातला किंवा शुद्ध केलेला आर-१२ प्रमाणपत्रधारक कारागिराला आजही विकत मिळतो, महाग पडतो एवढंच. कॉम्प्रेसर गेला असेल, यंत्र कधीपासून उघडं पडलं असेल, तर सगळे भाग बदलून आर-१३४ए घ्या. तोही निर्दोष नाही. ओझोनला त्याचा धोका नसला तरी शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट उष्णता धरतो. आर-१२ साठी हाच आकडा १०,९०० च्या घरात जातो. म्हणून दोन्ही हवेत सोडणं तिथे गुन्हा आहे.

आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड मालवाहू गाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. दहा-बारा वर्षांनी हे ट्रक जुने होतील, आणि मॉन्ट्रियल करारातल्या किगाली दुरुस्तीनुसार २०३२ पासून भारतही आर-१३४एसारखे वायू कमी करू लागलेला असेल. तेव्हा हाच प्रश्न आपल्या महामार्गांवरच्या गॅरेजमध्ये येईल. इथे बसलेल्या ट्रकमालकांना एवढीच विनंती: बॉनेटखाली गॅसचं नाव आणि वजन लिहिलेलं लेबल असतं, ते जपा. मेकॅनिकला ते वाचायला लावा, आणि गॅस वजनकाट्यावर मोजून भरत नसेल त्याच्याकडे गाडी देऊ नका.