पेशींच्या पोथीतले पाठभेद

छाणीच्या जैन ज्ञानभांडारातली ११६१ सालची ताडपत्री पोथी तिच्यातल्या सोळा विद्यादेवींच्या चित्रांमुळे अभ्यासकांना परिचित आहे. तिथून जवळच, वडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकी रामायणाची चिकित्सित आवृत्ती काढली. तिची अयोध्याकांड आणि युद्धकांड ही दोन कांडं परशुराम लक्ष्मण वैद्यांनी संपादित केली. दोन पोथ्यांत एकाच जागी एकच चूक सापडली, की त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असाव्यात, हा अशा संपादनातला जुना आडाखा. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींच्या कर्करोगाचं, म्हणजे लिम्फोमाचं, मूळ शोधणारे संशोधकही चुकांवरूनच वंशावळ लावतात.

प्रतिपिंडाचं जनुक जन्मतः तुकड्यांत असतं आणि प्रत्येक बी-पेशी ते तुकडे आपल्या परीने जोडते, हे सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये बाझेलला दाखवलं. १९८७ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. हा जोड त्या पेशीच्या सगळ्या लेकींत जसाच्या तसा उतरतो. पुढे जंतूशी गाठ पडली, की पेशी लसिकाग्रंथीतल्या जर्मिनल सेंटरमध्ये शिरते. तिथे याच जनुकात नेहमीच्या सुमारे दहा लाख पट वेगाने उत्परिवर्तनं होतात. ती घडवणारं एआयडी हे विकर क्योटोमध्ये तासुकु होंजो यांच्या गटाने १९९९ मध्ये शोधलं.

म्हणून गाठीतल्या पेशींचं जनुक कोरं असेल, तर मूळ पेशी बहुधा जर्मिनल सेंटरमध्ये गेलेलीच नाही. मँटल सेल लिम्फोमा बराचसा असा असतो. फॉलिक्युलर लिम्फोमात मात्र एकाच गाठीतल्या पेशी-पेशींत फरक सापडतात, कारण तिथे उत्परिवर्तन थांबलेलंच नसतं.

सगळ्यात अवघड कोडं हॉजकिनच्या आजाराचं होतं. थॉमस हॉजकिन यांनी तो १८३२ मध्ये वर्णिला, पण त्यातल्या मोठ्या रीड-स्टर्नबर्ग पेशी कोणत्या कुळातल्या, याचं उत्तर दीडशे वर्षांहून अधिक काळ मिळेना. गाठीत त्या साधारण शंभरात एक. बाकी सगळी गर्दी निरोगी पेशींची. जर्मनीत राल्फ क्युपर्स, क्लाउस रायेव्स्की आणि मार्टिन-लिओ हान्समन यांच्या गटाने सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी वेचली आणि तिचं जनुक वाचलं. १९९४ मध्ये निष्कर्ष आला: या पेशी बी-पेशींच्याच कुळातल्या. १९९६ मध्ये त्याहून विलक्षण गोष्ट दिसली. काही रुग्णांत हे जनुक उत्परिवर्तनांनी पार निकामी झालेलं होतं. अशी पेशी जर्मिनल सेंटरमध्ये मरायलाच हवी. ती जगली आणि तिचाच कर्करोग झाला. एका पेशीच्या जनुकातून एवढा इतिहास वाचता यावा, ही गेल्या शतकातल्या वैद्यकाची फार मोठी कमाई आहे.

या शोधांचा रुग्णाला काय उपयोग, याचं उत्तर १९९९ मध्ये ‘ब्लड’ या नियतकालिकात मिळालं. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, हा लिम्फोमाच्याच घरातला आजार. त्यावरचे दोन निबंध त्या वर्षी तिथे प्रसिद्ध झाले. एक इंग्लंडमधल्या टेरी हॅम्ब्लिन यांच्या गटाचा, दुसरा न्यूयॉर्कमधल्या निकोलस किओराझी यांच्या गटाचा. या दुसऱ्या निबंधाचे पहिले लेखक राजेंद्र दामले. मराठी वाचकाने हे आडनाव जरूर लक्षात ठेवावं. हॅम्ब्लिन यांच्या ८४ रुग्णांपैकी आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यात असलेल्यांत फरक डोळ्यांत भरणारा होता: जनुक कोरं असलेल्यांचं मध्यक आयुर्मान ९५ महिने, उत्परिवर्तित असलेल्यांचं २९३. मूळ जनुकाशी ९८ टक्के किंवा जास्त साम्य असेल तर ते कोरं मानायचं, ही सीमारेषा आजही वापरात आहे.

पुढे ह्यूस्टनमध्ये एफसीआर ही केमोथेरपी घेतलेल्या रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा झाला. उत्परिवर्तित जनुकाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत जवळपास १३ वर्षांनीही आजार उलटला नव्हता. कोऱ्या जनुकाच्या रुग्णांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्याही आत होतं. त्या दुसऱ्या गटाला आज इब्रुटिनिबसारख्या गोळ्यांचा मोठा आधार आहे. उपचार निवडण्याआधी जनुक कोरं आहे का, ही तपासणी झालीच पाहिजे, मग रुग्ण मुंबईचा असो की छाणीचा. खर्चाची अडचण खरी आहे, पण चुकीच्या केमोथेरपीचा खर्च आणि त्रास त्याहून मोठा. शिवाय जनुकाची ही स्थिती पुढे बदलत नाही, त्यामुळे ती एकदाच तपासावी लागते. टीपी५३ या कर्करोगरोधक जनुकाचं तसं नाही. नवा उपचार सुरू करताना ते दर वेळी नव्याने तपासावं लागतं, आणि दोन्ही चाचण्या एकाच रक्तनमुन्यातून होऊ शकतात.