आरपार दगड

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला, 'नेतृत्व आणि आजचा तरुण'. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "तुम्ही वर्गाचे मॉनिटर तरी होता का?" नव्हतो. आमचा मॉनिटर इथेच दुसऱ्या रांगेत बसला आहे. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिण्यात त्याचा हात कुणी धरला नव्हता. आज मी बोलणार आहे, तर जुन्या सवयीनं त्यानं खडू शोधू नये, एवढी विनंती.

विषयाकडे वळण्याआधी एक जुनं देणं फेडायचं आहे. २००८ साली याच मैदानावर बक्षीस समारंभाला मी पाहुणा होतो. नुकतीच बढती मिळाली होती, दारात सरकारी जीप उभी होती, आणि खरं सांगतो, डोक्यात थोडी हवाही होती. मी मुलांना म्हणालो, "लातूर पॅटर्नच्या जिल्ह्यातली मुलं तुम्ही. लहान स्वप्नं बघू नका. कलेक्टर व्हा, एसपी व्हा, आणि लाल दिव्याच्या गाडीतून या मैदानावर परत या." टाळ्या जोरात पडल्या. मी चहा घेतला, नारळ-शाल घेतली आणि निघून गेलो.

मागच्या दिवाळीत एक तरुण माझ्या घरी आला. तीस-एकतीसचा असेल. पाया पडला, बराच वेळ काही बोलेना. मग म्हणाला, "सर, तुमच्या भाषणाला मी दहावीत होतो. पुढच्या रांगेत." सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन तो पुण्याला गेला होता. शास्त्री रोडची अभ्यासिका, महिन्याची मेस, तिघांत एक खोली. नऊ वर्षं त्यानं स्पर्धा परीक्षा दिल्या. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचला, एकदा मुलाखतीपर्यंत. धाकट्या भावानं शेती सांभाळली आणि याला पैसे पाठवले. गावात कुणी विचारलं की आई अजून सांगते, "पोरगं परीक्षा देऊलालंय." प्रत्यक्षात त्यानं परीक्षा देणं सोडून वर्ष झालं होतं. ते तिला सांगायचं धाडस होत नव्हतं.

माझ्यावर त्याचा राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "सर, अधिकारी झाल्यावर काय करायचं ते तुम्ही सांगितलं होतं. नाही झालो तर काय, ते सांगायचं राहिलं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. हिशेब काही अवघड नव्हता. संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला दरवर्षी दहा लाखांच्या आसपास अर्ज येतात आणि निवड होते हजाराच्या आसपास मुलांची. म्हणजे हजारात एक. त्या दिवशी या मैदानावर पाच-सहाशे मुलं असतील. जो रस्ता फार तर एखाद्यालाच मिळणार, तो मी सगळ्यांना दाखवला आणि बाकीच्यांसाठी एक वाक्यसुद्धा बोललो नाही. आजचं भाषण हे त्या राहिलेल्या वाक्यासाठी आहे.

ते वाक्य मला खरं तर २००८ च्या बरंच आधी कळलेलं होतं. पण बढतीच्या आनंदात विसरलो होतो.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं. आपल्यापैकी अनेकांनी त्या दिवसांत ढिगारे उपसले आहेत, त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही. काहींच्या घरची माणसं गेली आहेत. मी तेव्हा बावीस वर्षांचा, तंत्रनिकेतनातून डिप्लोमा घेऊन बाहेर पडलेला. पुढे पुनर्वसनाच्या कामात मला कंत्राटावर घेतलं. जी घरं पडली नव्हती पण तडकली होती, ती मजबूत करायची, हे आमचं काम.

आपल्याकडची जुनी घरं तुम्हाला माहीत आहेत. दोन-दोन, तीन-तीन फुटांच्या दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. बाहेरून भिंत किल्ल्यासारखी दिसते. पण ती एक भिंत नसते, दोन असतात. एक बाहेरच्या अंगाची, एक आतल्या अंगाची, आणि मधे माती आणि दगडांचा चुरा. धक्का बसला की दोन्ही अंगं एकमेकांपासून सुटतात, फुगतात, आणि वरचं माळवद खाली येतं. भूकंपानं जितकी माणसं मारली, तितकीच या सुटलेल्या भिंतींनीही मारली.

एका गावात एक म्हातारे गवंडी होते. मी नकाशा पसरून त्यांना समजावत होतो. त्यांनी नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी एका उभ्या राहिलेल्या भिंतीपाशी मला नेलं आणि एका दगडाला हात लावला. मग मला वळसा घालून आत नेलं आणि आतल्या बाजूनं तोच दगड दाखवला. भिंतीच्या एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत पोचलेला लांब, आरपार दगड. म्हणाले, "ह्यो हाय म्हणून भिंत उभी हाय. पैसं वाचवायला लोकांनी ह्ये घालायचं सोडलं." आमच्या नकाशातही तेच लिहिलं होतं. ठरावीक अंतरावर भिंतीला भोक पाडून आरपार दगड किंवा सळईचं काँक्रीट घालायचं. नकाशात मी ते वाचलं होतं. कळलं त्या दिवशी.

नेतृत्वावर मी नंतर शासकीय प्रशिक्षणं बरीच केली. पण त्या गवंड्यांनी जे दाखवलं त्यापलीकडे फारसं काही हाती लागलं नाही. आपल्या समाजाचीही भिंत अशीच आहे. बाहेरचं अंग म्हणजे कार्यालयं, पदं, योजना, ठराव. आतलं अंग म्हणजे गल्लीतली माणसं, त्यांच्या अडचणी. मधे नुसता चुरा. दोन्हीकडे एकदम पोचणारा माणूस, तोच पुढारी. तो भिंतीच्या टोकावर बसत नाही. भिंतीच्या पोटात असतो, आणि गिलावा केल्यावर तर दिसतही नाही.

आता नागरिक म्हणून आपली परीक्षा. एप्रिल २०१६. मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी आलं. पहिल्या गाडीनं आणलेलं पाणी होतं सुमारे पाच लाख लिटर. त्याआधी टाक्यांभोवती जमावबंदीचा आदेश लावावा लागला होता. ज्या शहरानं गुणवत्ता यादीला पॅटर्न दिला, त्या शहराला पाणी रेल्वेनं आणावं लागलं. पाऊस कमी झाला हे खरंच. पण मी पाणीपुरवठ्यातला माणूस आहे, मला दुसरंही एक आठवत होतं.

आपले गणिताचे सर आज आले आहेत. सर, तुमची हौदाची गणितं आठवतात. एक नळ हौद सहा तासांत भरतो, तळाचं भोक तो दहा तासांत रिकामा करतं, दोन्ही सुरू ठेवले तर हौद किती वेळात भरेल? आम्ही सगळ्यांनी ती सोडवली, पैकीच्या पैकी मार्क घेतले. (उत्तर पंधरा तास आहे, सर, तपासून घ्या.) पण आपल्या गावच्या टाकीत किती पाणी चढतं आणि घरापर्यंत किती पोचतं, हे आपल्यापैकी किती जणांनी कधी विचारलं? भोक वहीतलं असलं की दिसतं, गल्लीतलं असलं की त्यावरून उडी मारून जायचं, असं आपलं शिक्षण झालं. यात दोष सरांचा नाही. वहीतलं गणित गल्लीत नेणं हे आमचं काम होतं.

तर तो तरुण. दिवाळीनंतर मी त्याला पुन्हा बोलावलं. गप्पांमध्ये लक्षात आलं, त्याला राज्यघटना तोंडपाठ. ७३ वी घटनादुरुस्ती, ११ व्या परिशिष्टातले २९ विषय, १२ व्यातले १८. ग्रामसभेची गणसंख्या विचारली तर झोपेतसुद्धा सांगेल, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असेल ती. मी विचारलं, "तुझ्या गावच्या ग्रामसभेला कधी गेलास?" तो गप्प. मग हसला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा हसलो, असं नंतर मला म्हणाला.

तो गेला. पहिली सभा गणसंख्येअभावी तहकूब झाली. दुसऱ्या सभेत त्यानं एकच प्रश्न विचारला. आपल्या टाकीत टीसीएल पावडर रोज पडते का, आणि ओटी टेस्टची नोंदवही कुठे आहे? ओटी टेस्ट म्हणजे पाण्यात द्रावणाचे थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. तिसरी-चौथीचं मूलही करू शकतं. कुणीतरी म्हणालं, "नऊ वर्षं शिकून हेच विचारायला आलास व्हय?" तो खाली बसला नाही. प्रश्न प्रोसिडिंगला लिहून घ्या म्हणाला. लिहून घेतला. सध्या शाळेतली चार मुलं आणि तो मिळून आठवड्यातून दोनदा गावच्या पाच नळांची टेस्ट करतात आणि कागद पंचायतीच्या भिंतीवर चिकटवतात. दोनदा तो कागद कुणीतरी फाडला. त्यांनी तिसरा लावला.

यानं त्याची नोकरी लागली का? नाही. गोष्ट गोड करून सांगायला मी इथे उभा नाही. तो एका कंत्राटदाराकडे मोजमापांचं काम करतो. पगार पुण्यातल्या खोलीभाड्यापेक्षा थोडा जास्त, इतकाच आहे. लग्नाची बोलणी अडलेली आहेत. पण गेल्या महिन्यात त्यानं आईला खरं सांगितलं. आई म्हणाली, "मला कवाच कळलं हुतं. तू सांगायची वाट बगत हुते."

मित्रांनो, आता आपल्या बॅचबद्दल. आपण शाळेला संगणक देतो, पाण्याचा कूलर देतो, त्यावर नाव कोरतो. चांगलंच आहे. यावर्षी थोडं वेगळं मागतो. आपल्यात वकील आहेत, नर्स आहेत, वायरमन आहेत, बँकेतले, दुधाचा धंदा करणारे, एसटीचे कंडक्टर आहेत. प्रत्येकानं वर्षातून एक दिवस नववी-दहावीच्या एका मुलाला किंवा मुलीला आपल्या कामावर सोबत न्यायचं. भाषण करायचं नाही. काम दाखवायचं. पगार किती हे खरं सांगायचं, कंटाळा कशाचा येतो तेही सांगायचं. आयटीआय करून चांगलं पोट भरणाऱ्या आपल्या मित्रानं व्यासपीठावर बसायचं, मागच्या रांगेत नाही. आणि ज्यांची परीक्षेची वर्षं वाया गेली असं वाटतं, अशी आपलीच पोरं घरात तोंड लपवून बसली असतील, तर त्यांना बाहेर काढायचं. त्यांना कायदा येतो. गावाला कायदा येणारी माणसं हवी आहेत. ही दोन अंगं जोडून द्यायची आहेत.

मुलांनो, तुम्हाला दोनच गोष्टी. मोठी परीक्षा जरूर द्या. आपल्याला चांगले अधिकारी हवेच आहेत. पण किती वर्षं देणार ते पहिल्या दिवशी ठरवा, घरात सांगा आणि भिंतीवर लिहा. सोबत हाताला एक काम शिका. आणि दुसरी, अधिकारी होईपर्यंत नागरिक व्हायचं थांबवू नका. त्याला वयाची अट नाही आणि त्यात कुणी नापास होत नाही.

२००८ च्या भाषणात राहिलेलं वाक्य आता बोलतो. सरकारी गाडीतून या मैदानावर आलात तर आनंद आहेच. पण चालत आलात, सायकलवर आलात, हातात नळाच्या पाण्याची बाटली आणि नोंदवही घेऊन आलात, तरी शाळा तुम्हाला तितक्याच आनंदानं आत घेईल. आम्ही घेऊ.

तो तरुण आज आला आहे. मागे, खांबापाशी उभा आहे. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. मॉनिटर, त्याला पुढे एक खुर्ची दे.